केइवोमा लोहाराचं लाल कांबळं

लुंगतान, ९ मार्च १९१३

दारपुई,

हे पत्र वाचून दाखवणाऱ्यानं आधी एवढंच सांगावं की ते लुंगतानच्या वानचुंगानं लिहिलंय, आणि थांबावं. पुढचं ऐकायचं की नाही ते तुझं तू ठरव.

ऐकते आहेस असं धरून लिहितो.

मिठाचा व्यापारी परवा तियाऊ नदी ओलांडून इकडे आला. मीठ देता देता त्यानं सहज सांगितलं की तुझे आबा, केइवोमाकाका गेले, पावसाळा संपता संपता, खोकल्यानं. आम्ही आठदहा माणसं उभी होतो. कुणीतरी म्हणालं, "म्हणजे कांबळंवाला गेला." दुसरा म्हणाला, "त्याला फार चालावं लागलं नसेल. मेल्यावर ज्या तळ्यावरून जायचं ते रीहचं तळं तिकडेच तर आहे." सगळे हसले. मीही तोंड हसरं केलं. हे तुला कळवायला नको होतं, पण लिहून गेलो, आता खोडत नाही.

तुझ्या आबांच्या हातची दाव, रान तोडायचा तो लांब कोयता, अजून माझ्याकडे आहे. दोनदा मूठ बदलली, पातं तेच. आमच्या आत्ताच्या लोहाराला तसं पाणी देता येत नाही, हे त्याचा दोष काढणारे लोकही कबूल करतात. नाव मात्र घेत नाहीत.

तुम्ही गेलात त्याला एकवीस वर्षं झाली. गाव तेव्हापासून दोनदा हललं, आता वरच्या कड्यावर आहे. मी लिहायला वाचायला मिशनच्या शाळेत शिकलो, पस्तिसाव्या वर्षी, पोरांच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन. बायको आहे, चार मुलं आहेत. आई सहा वर्षांपूर्वी गेली. मी अजून सरकारचा दुभाषी आहे, बारा गावं माझ्याकडे आहेत. मला सरकारची सक्तीची हमाली माफ आहे.

तेव्हाही मी दुभाषीच होतो. तोंड माझं आणि शब्द दुसऱ्याचे, असं ते काम असतं. लोकांना मी हेच सांगत आलो, आणि लोक मानतात.

एक गोष्ट तुला कळवायची म्हणून हे पत्र. केइवोमाकाकांनी साहेबाला काहीही सांगितलं नव्हतं. हे मला पक्कं माहीत आहे.

वानचुंगा


लुंगतान, ४ मे १९१३

दारपुई,

तुझं उत्तर पोचलं. तुला लिहून देणाऱ्या मिशनच्या प्रचारकाचं अक्षर ओळखीचं निघालं, आम्ही एकाच बाकावर शिकलो. दोनच ओळी आहेत. "तुला कसं माहीत?" आणि त्याखाली, "चार माणसांत वाचता येईल असं लिही."

मी दोन आठवडे हे पत्र लिहितो आहे. मधे ताप आला होता. तापाचं सांगून वेळ काढतो असं वाटेल, पण ताप खरंच आला होता.

तर चार माणसांत वाचता येईल असं.

त्या वर्षी शेतं जाळायच्या दिवसांत सरकारनं प्रत्येक घरामागे एक हमाल मागितला. आपले सरदार म्हणाले, रान आत्ता जाळलं नाही तर पेरायचं कुठे? निरोप मीच नेत होतो. सरदारांनी साहेबाला काय काय शिव्या दिल्या त्या तुझ्या गावातल्या चार माणसांना ऐकवत नाही. मी साहेबाला सांगितलं, सरदार सवड मागतात. साहेबानं आम्हाला माकडं म्हटलं, ते मी सरदारांना सांगितलं, साहेबाला गावाची काळजी आहे. मला वाटायचं, असं दोन्हीकडून घासून गुळगुळीत करत राहिलं की एक दिवस भांडणच उरणार नाही. मी एकवीस वर्षांचा होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो. खाली बाजारात रबर विकायला जाऊन परक्यांची भाषा शिकलेला गावात मी एकटाच.

व्हायचं तेच झालं. साहेबाला वाटलं सरदार कबूल झाले, सरदारांना वाटलं साहेब थांबणार. ठरल्या दिवशी हमाल आले नाहीत. शिपाई आले, त्यांनी दोघांना दोरीनं बांधून ओढलं, आणि आपल्या पोरांनी डाक नेणाऱ्या शिपायाला गोळी घातली. मग फौज निघाली, तीनशे बंदुका, आणि पुढे वाट दाखवायला मी.

वाटेतली दोन गावं जळाली. तिथली माणसं रानात पळाली होती, पण एका घरात म्हातारी राहिली होती. ते मी पाहिलं.

लुंगतानच्या खाली ओढ्याकाठी तळ पडला. गाव रिकामं होतं, सगळे रानात. दुसऱ्या दिवशी वडीलधाऱ्यांनी तुझ्या आबांना पाठवलं, एक कोंबडा आणि अंडी घेऊन. त्यांनाच का, तर लोहाराला कुणी मारत नाही, असा समज. साहेबानं कोंबडा घेतला, बोलणं ऐकलं, हो नाही काही म्हटलं नाही. परत जाताना काका माझ्याशी सावरीच्या झाडाखाली थोडा वेळ बोलले. शिपाई बघत होते, साहेबही बघत होता. काका म्हणाले, "घरं जळली तर बांधू. धान्य तेवढं वाचव, पोरा. बी त्यातच आहे." त्यांना वाटत होतं माझ्या हातात काहीतरी आहे.

धान्य कुठे होतं ते मला माहीत होतं. रानातली कोठारं, धबधब्यामागच्या वेळूच्या बेटात. मी लहानपणी ती बांधायला बांबू वाहिलेत. आधी साहेबानं विचारलं तेव्हा मी सांगितलं होतं की मला ठाऊक नाही, मी गाव सोडून फार दिवस झाले. काका येऊन गेले त्या संध्याकाळी साहेबानं मला पुन्हा बोलावलं. म्हणाला, आमचा शिपाई मेलाय, काहीतरी जाळल्याशिवाय मी परत जाऊ शकत नाही. धान्य सापडलं तर धान्य, नाही तर सगळी घरं, आणि मग रानात शिरून माणसं. मला ती म्हातारी दिसली. मी म्हटलं, उद्या दाखवतो.

तो म्हणाला, "काल तर तुला माहीत नव्हतं."

मग त्यानंच विचारलं, "त्या म्हाताऱ्यानं सांगितलं का, झाडाखाली?"

मी म्हणालो, "हो."

साहेबानं ते वहीत लिहून घेतलं. नाव विचारलं, मी नाव सांगितलं. त्या वेळी एवढंच वाटलं की सुटलो. ते नाव तिथून पुढे कुठे जाईल हे डोक्यातही आलं नाही. निदान मी स्वतःला असं सांगत आलो.

सकाळी कोठारं पेटली. सगळ्यांचं धान्य गेलं. भात जळतं तेव्हा आधी लाह्यांसारखा वास येतो, खमंग. शिपायांना भूक लागली, ते आपसात हसत होते.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी गाव परत आलं, बंदुका टाकल्या, आणि साहेबानं मैदानात सगळ्यांना बसवून ते लाल कांबळं बाहेर काढलं. तू पुढच्या ओळीत होतीस, तुला आठवत असेल. पण तुला ऐकू आलं ते माझं बोलणं. साहेब काय बोलला ते फक्त मला माहीत आहे. तर तो बोलला ते असं, "या माणसानं धान्याची जागा दाखवून गावाची घरं वाचवली. सरकार मित्राला विसरत नाही."

दारपुई, मी वर्षभर त्या माणसाचं एकही वाक्य धड पोचवलं नव्हतं. शिवी आली की गोड करायचो, धमकी आली की तिचा सल्ला करायचो. त्या दिवशी नुसतं म्हणायचं होतं, "सरकार या लोहाराला कोंबड्याबद्दल भेट देतंय." साहेबाला कळलं नसतं. कुणालाच कळलं नसतं. साहेबाच्या बाजूला सुभेदार उभा होता, त्याला आपली भाषा थोडी थोडी येत होती, हे एक कारण. दुसरं कारण असं की मैदानातले सगळे डोळे माझ्यावर होते, आणि ते दुसरीकडे वळावेत असं मला वाटलं. मी एक शब्दही बदलला नाही.

तुझे आबा उठून पुढे आले. त्यांनी साहेबाकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "पोरा, साहेब खरंच असं म्हणतोय?"

मी म्हटलं, "असंच म्हणतोय."

पुढचं तुला ठाऊक आहे. भट्टी कुणी फोडली, डुक्कर कुणी नेलं, तुझ्या आईच्या डोक्यात दगड कुणी घातला, ते तुझ्या डोळ्यांदेखत झालं. मी तेव्हा तळावर होतो. खरं तर जाऊन बसलो होतो.

हे चार माणसांत वाच. चाळीस माणसांत वाच.

वानचुंगा


लुंगतान, २७ जुलै १९१३

दारपुई,

वाट निसरडी झालीय, तरी तुझं पत्र आलं. या वेळी लांब आहे. मी ते ओट्यावर बसून वाचायला घेतलं, मग आत जाऊन वाचलं.

"सगळ्यांचं धान्य गेलं असं लिहितोस. मग तुझ्या आईनं आम्हाला दिलेलं टोपलंभर भात कुठून आलं?"

हे तू विचारणार हे मला ठाऊक होतं. तुझ्या लक्षात नसेल, असंही वाटत होतं.

सांगतो. मी कोठारं दाखवायला कबूल झालो तेव्हा साहेबाकडे एक गोष्ट मागितली. आमचं कोठार टोकाला, वेगळं होतं. ते राहू दे म्हटलं. तो हसला, सुभेदाराला काहीतरी बोलला, आणि ते राहिलं. ते उभं दिसलं तर गावाला संशय येईल, म्हणून आईनं ते कुणाला दिसण्याआधी रातोरात रिकामं करून आत आग लावून दिली. तिला मी काही सांगितलं नव्हतं. तिनं विचारलंही नाही. गाव रानातले कंद उकडून खात होतं, कडू कंद, तीन पाण्यांतून काढून. आम्ही भात खात होतो, दार लावून, धूर दिसू नये म्हणून सकाळच्या स्वयंपाकातच सगळं उरकून.

तिला ते गिळत नव्हतं. तू सून म्हणून येणार हे तोवर ठरलेलं होतं. म्हणून तिनं एक टोपलं तुमच्याकडे नेलं, अंगावरच्या पुआनच्या वस्त्राखाली झाकून. भल्यासाठीच नेलं. आणि कांबळ्यानंतर काही दिवसांनी लोकांनी तुमचं घर झाडलं तेव्हा ते भात सापडलं. मग काय पुरावा हवा होता?

लोकांनी काकांना विचारलं, हे कुठून आलं? आई गर्दीत उभी होती. ती मला मरताना म्हणाली, "त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी खाली बघितलं." मरेपर्यंत तिला तेवढंच बोलता आलं. काका म्हणाले, "मिळालं." त्यांनी दुसरा शब्द काढला नाही.

ते का बोलले नाहीत, हे कोडं मी एकवीस वर्षं घेऊन फिरतो आहे. कधी वाटायचं भ्यायले. कधी वाटायचं त्यांना कळलंच नसेल. आणि आता तू लिहितेस ते प्रचारकाच्या अक्षरात माझ्यासमोर पडलं आहे. मी ते इथे उतरवतो, नीट वाचलं ना याची तू खात्री कर.

"आबांना मैदानातच कळलं होतं. मलाही टोपल्यावरून कळलं. नदी ओलांडताना मी म्हटलं, अजून परत जाऊ, त्याचं नाव सांगू. आबा म्हणाले, त्याचं नाव घेतलं तर गाव त्याला मारेल. सरकारचा दुभाषी मारला तर साहेब परत येईल आणि या वेळी धान्यावर थांबणार नाही. आपण तीन माणसं आहोत, चालू शकतो. गाव चालू शकत नाही. मला ते पटलं नाही. आई त्या दगडाच्या जखमेनं चौथ्या महिन्यात गेली, तेव्हाही पटलं नाही. आजही पटत नाही. आबा चांगले होते म्हणून तुझा दोष काही कमी होत नाही."

बरोबर वाचलं ना?

तुझी आई गेल्याचं मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलं नाही, म्हणून माहीत नव्हतं.

शेवटी तू लिहितेस, "इथे वाचून काय उपयोग? इथे आबांना सगळे चांगलंच म्हणतात. तिथे बोल."

भातं निसवू देत. आत्ता लोक शेतावरच्या झोपड्यांत विखुरलेत, सभा भरणार नाही.

वानचुंगा


लुंगतान, १९ ऑक्टोबर १९१३

दारपुई,

बोललो.

ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला, लोक शेतावरून परतले, तरी मी छप्पर शाकारत होतो. खरं म्हणजे छप्पर गळत नव्हतं. बायकोनं विचारलं, धड छप्पर का उसवतोस, तेव्हा आधी तिला सांगितलं. ती शेजारच्या गावची. तिनं सगळं ऐकलं, तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी चुलीपाशी म्हणाली, "ते कांबळ्याचं गाणं म्हणत मी चारही पोरं निजवली. तू शेजारी पडलेला असायचास. मला गाऊ दिलंस." गाणं तुला कळवत नाही. पोरं खेळताना म्हणतात ते, लोहाराला कांबळ्यात गुंडाळायचं.

मग मी सरदारांकडे गेलो. म्हातारे सरदार नाहीत आता, त्यांचा मुलगा आहे. त्यानं वडीलधाऱ्यांना बोलावलं, दवंडीवाल्यानं गावाला हाक घातली, हमालीच्या पाळ्या सांगणार असतील म्हणून सगळे आले. मी तुझं पत्र हातात घेऊन उभा राहिलो आणि माझं पत्र, तुला लिहिलेलं, पाठ म्हटलं. दोन्ही पत्रं. टोपल्यासकट. म्हातारीसकट.

मला वाटलं होतं मारतील. दाव कमरेची काढून मी घरीच ठेवून गेलो होतो, म्हणजे मारायला आलेल्याला सोपं जावं. तसं काही झालं नाही. मग रोल्याना उठला. तुमचं डुक्कर नेणारा तोच, तू ओळखशील. आता दात नाहीत त्याला. म्हणाला, "हे आता कशाला सांगतोस?"

मी म्हटलं, खरं आहे म्हणून.

तो म्हणाला, "तुझं खरं तुझ्यापाशी ठेव. तू एक 'हो' म्हणालास. भट्टी आम्ही फोडली. त्याच्या बायकोच्या डोक्यात घातलेला दगड माझ्या भावाच्या हातात होता. एकवीस वर्षं आम्ही झोपतो ते तो लोहार चोर होता म्हणून. आज तू येऊन म्हणतोस तो चोर नव्हता. मग आम्ही कोण?"

लोकांना राग आला तो मी तेव्हा केलं त्याचा कमी, आत्ता बोललो त्याचा जास्त. एकजण म्हणाला, हा पाद्र्यांच्या नादी लागला, पाप पाप करतो. दुसरा म्हणाला, लोहाराच्या पोरीनं काहीतरी पाठवलं असेल याला. सरदार म्हणाले, झालं ते झालं, मेलेले मेले, आता जेवायला चला.

तेव्हा सायझुआली म्हातारी उठली. तुम्ही गेल्यावर त्या पावसाळ्यात तिची दोन मुलं भुकेनं गेली. गालात तंबाखूचं पाणी धरलेलं होतं, ते तिनं आधी थुंकलं. ती माझ्याकडे आली, अगदी जवळ, आणि हळूच विचारलं, "तुमच्याकडे भात होतं तेव्हा?"

मी म्हटलं, "होतं."

"किती?"

"कापणीपर्यंत पुरलं. थोडं उरलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मारलं असतं तर बरं झालं असतं. मग सरदारांकडे वळून म्हणाली, "माझी पोरं कुणामुळे गेली ते मला आज कळलं. ज्याला मी शिव्या दिल्या त्याची मुलगी जिवंत आहे. तिला बोलवा. मला तिच्याशी बोलायचंय." आणि काठी टेकत निघून गेली. तिच्यामागून आणखी पाचसहा बायका उठल्या. पुरुष बसून राहिले.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या घरच्यांशी गाव बोलत नाही. विहिरीवर बायकोची पाळी शेवटी येते. मुलांना खेळायला घेत नाहीत. ती मुलं मला काही विचारत नाहीत.

सरदारांनी दवंडी पिटवली ती मात्र कळवतो. केइवोमा लोहारानं गावाचं काही बिघडवलं नव्हतं. त्याच्या माणसांना लुंगतानमध्ये यायला, राहायला, त्याचं हाड इथे पुरायला मोकळीक आहे. दवंडी सायझुआलीनं वदवून घेतली. तिला सरदार भितात.

वानचुंगा


लुंगतान, ८ डिसेंबर १९१३

दारपुई,

तू लिहिलंस, "साहेबाच्या वहीतही आबांचं नाव आहे ना? ते तू घातलंस, तू काढ."

मी ठाण्यावर जाऊन आलो. दोन दिवसांची वाट आहे. आता तिथे तरुण साहेब आहे, चांगला माणूस आहे, आपली भाषा थोडी बोलतो, चुकून बायकांसारखं बोलतो. त्यानं जुन्या वह्या काढायला लावल्या. वाळवी लागली होती, पण ते पान सापडलं. त्यानं वाचून दाखवलं. लुंगतानचा लोहार केइवोमा, यानं धान्याच्या गुप्त जागा कळवल्या, भरवशाचा माणूस, सरकारचा मित्र.

मी सांगितलं हे खोटं आहे, मी खोटं बोललो होतो. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, त्या साहेबाच्या सहीचं लिहिलेलं मला बदलता येणार नाही, आणि तो साहेब कधीच मेला. आणि म्हणाला, "पण हे तर कौतुक आहे. त्याची बदनामी कुठे आहे यात?"

मी त्याला समजावण्याचा प्रयत्न केला. आयुष्यभर मी दोन्हीकडच्या गोष्टी दोन्हीकडे समजावल्या, ही काही त्याला समजावता आली नाही. त्यानं खरोखर प्रयत्न केला, कपाळाला आठ्या घालून. शेवटी त्याला वाटलं मी काहीतरी मागायला आलोय आणि लाजतोय. म्हणाला, त्याचे कुणी वारस असतील तर या नोंदीवर त्यांना हमाली माफ होऊ शकेल, नदीपलीकडच्या साहेबाला मी चिठ्ठी देतो.

तुझी दोन मुलं आता हमालीच्या वयाची आहेत, व्यापाऱ्यानं सांगितलं. वर्षाचे दहा दिवस ओझं वाहायचं, आणि ते शेताच्या दिवसांतच नेमकं. मला तिथल्या तिथे "नको" म्हणावंसं वाटलं, तुझ्या वतीनं, ताठ मानेनं. मग वाटलं, ओझं तुझ्या मुलांच्या पाठीवर आहे. मी साहेबाला म्हटलं, तिला विचारून कळवतो.

म्हणून विचारतो. वही बदलणार नाही. माफी मिळेल. तू काय म्हणशील ते मी जसंच्या तसं पोचवीन.

मी परत निघताना साहेबाकडे दुभाषीपणाचा बिल्ला ठेवून आलो. त्यानं कारण विचारलं. मी म्हटलं, कान खराब झाले.

वानचुंगा


लुंगतान, २२ फेब्रुवारी १९१४

दारपुई,

तुझं "नको" ठाण्यावर पोचवलं. तुझी मुलं तिथे काय म्हणतात ते तुझं तू बघ, मी त्यात पडत नाही. माझा मोठा या आठवड्यापासून हमालीला जातो. आमचं घर आता इतरांसारखंच धरलं जातं.

तू येणार ते मला आदल्या दिवशीच कळलं होतं, आणि मला बघायचं नाही असं तू सांगून ठेवलंस तेही कळलं. म्हणून मी दार लावून घरात बसलो होतो. बांबूच्या भिंतीतून जेवढं दिसतं तेवढं दिसलं. तू इतकी उंच होतीस हे मी विसरलो होतो. केस पांढरे झालेत.

तू जुन्या गावठाणावर गेलीस, सायझुआली आणि त्या पाचसहा बायका बरोबर होत्या. तिथे आता रान आहे, भट्टीची जागा कुणाला धड दाखवता आली नसणार. रोल्याना वाटेवर येऊन उभा होता म्हणतात, तू त्याच्याजवळून गेलीस. आबांचं हाड तू आणलं नाहीस. ते तिकडेच राहणार, हे तू सरदारांना सरळ सांगितलंस, हे मला बायकोकडून कळलं. ती तुम्हाला पाणी द्यायला गेली होती. तू ते प्यायलीस. घरी येऊन तिनं मला तेवढंच सांगितलं.

तू सायझुआलीच्या घरी दुपारभर बसलीस. दोघी काय बोललात ते गावात कुणाला माहीत नाही. बाहेर आलात तेव्हा म्हातारीनं तुझा हात धरलेला होता, हे मी पाहिलं. मग तू नदीच्या वाटेला लागलीस. मी भिंतीपाशी उभा होतो. तू वर बघितलं नाहीस.

तू गेल्यावर काही वेळानं चार बायका आमच्या दारात आल्या. बोलत नव्हत्या इतके दिवस, पण हे सांगायचंच म्हणून आल्या. तू माझ्याबद्दल काय बोललीस ते त्यांनी ऐकलं होतं. एकीनं तोंड उघडलंही, "दारपुई म्हणाली की..."

मी त्यांना थांबवलं. म्हटलं, माझ्यासाठी ती काही सांगून गेली का? त्या म्हणाल्या, नाही, तुला सांगा असं नाही म्हणाली, आम्हीच ऐकलं. मी म्हटलं, मग राहू द्या.

त्यांना ते आवडलं नाही. मला ते ऐकायचं नव्हतं असं मात्र नाही. अजूनही ऐकायचंय, रोज. पण त्यांना विचारायला मी गेलेलो नाही, आणि जाणार नाही.

उत्तराची गरज नाही.

वानचुंगा